दुसरा मोहोर

४ जानेवारी २०१०

आज शेतीशाळेच्या वर्गात परत आंब्याच्या दुसऱ्या मोहोरावरून वाद. पोरांना पटतच नाही. घरी सगळे सांगतात, मोहोर दोनदा आला म्हणजे आंबा दुप्पट! मी फळ्यावर डहाळी काढून दाखवली. पहिल्या मोहोराचं फळ वाटाण्याएवढं होतं, तेवढ्यात थंडी परत पडते, झाड नवा मोहोर काढतं, सगळी ताकद त्यालाच देतं आणि आधीची फळं गळून जातात. हातचं सोडून पळत्याच्या पाठी! पूर्वी हे क्वचित व्हायचं. आता थंडी येते, जाते, परत येते — म्हणून वरचेवर. पहिला मोहोर पूर्ण फुलला की दुसरा अडवायला जिबरेलिक या संजीवकाची फवारणी करायची. उशीर झाला की गेलं.

वर्षाली तेवढी लिहून घेत होती. बाकीच्यांचं लक्ष खिडकीबाहेर.

७ जानेवारी

सुटल्यावर वर्षाली थांबली. त्यांची साठ कलमं, तिच्या वडिलांची आणि काकांची सामायिक. काका थोरले, त्यांना सगळे भाई म्हणतात. घरात शब्द त्यांचाच. नोव्हेंबरातल्या वादळात निम्म्या फांद्या मोडल्या. यंदा आंबा धरला नाही तर भाई बाग पाच वर्षांच्या करारानं व्यापाऱ्याला देणार.

"मगे मी शिकान खंयच्या झाडाक हात लावू, बाई?"

काय सांगणार! रविवारी घरी जेवायला बोलावलंय म्हणाली.

१० जानेवारी

वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी. भाईंनी स्वतः आग्रह करकरून वाढलं. बाग बघितली — मोहोर पूर्ण फुललेला. आज-उद्याच फवारायला हवं होतं.

जेवणं झाली. वर्षालीचे वडील, बाळा — माणूस सहसा तोंड उघडत नाही — एकदम मला म्हणाले, "बाई, तुमी सांगा. औषध मारूचा की नको?" भाई हसले. मोहोर देवानं दिलेला, तो अडवणारे आपण कोण, म्हणाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. वर्षाली दाराशी, हातात तांब्या.

आणि मी काय बोलले? "भाईंचा अनुभव मोठा. ते म्हणतील तसंच करा."

ज्यांच्या घरी जेवले त्यांनाच तोंडावर चूक कसं म्हणायचं! तेव्हा असंच वाटलं. बाळा उठून गेले. निघताना भाईंनी चार शहाळी दिली. वर्षाली मला सोडायला कुंपणाच्या बेड्यापर्यंतसुद्धा आली नाही.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी पोरांना ऐकवते!

१९ जानेवारी

पहाटे कडक थंडी. शाळेच्या थर्मामीटरवर बारा. आता दुसरा मोहोर येणार.

८ फेब्रुवारी

त्यांच्या साठही कलमांना पुन्हा मोहोर. भाईंनी बागेच्या राखणदार देवाला नारळ दिला, वाडीत साखर वाटली. वर्षालीनं हे मान खाली घालून सांगितलं. मी 'बरं' म्हटलं. बरं काय? काहीच बरं नाही.

२१ फेब्रुवारी

राहवलं नाही, गेले बघायला. झाडांखाली कैऱ्यांचा सडा, सुपारीएवढ्याल्या. चालताना पायाखाली येत होत्या. भाई मात्र वर मोहोराकडे बघून खूश. वर्षाली केरसुणीनं त्या गोळा करत होती. मला बघून केरसुणी ठेवून आत गेली.

मी तिच्या वडिलांना शोधलं. ते विहिरीवर होते. लांबूनच हात जोडले त्यांनी.

९ मार्च

आठवडाभर मळभ. दुसरा मोहोर तुडतुड्याच्या किडीनं काळा पडला. म्हणजे पहिलाही गेला, दुसराही.

२४ मार्च

करार झाला. पाच वर्षं.

५ एप्रिल

वर्षालीचं नाव हजेरीवरून कमी केलं. गोव्यात म्हापशाला काजूच्या कारखान्यात लागली म्हणे, बी फोडायच्या कामावर. वर्गात सगळ्यांत हलक्या हाताची मुलगी! शाळेची छाटणीची कात्री, सिकेटर, धुऊन-पुसून कपाटात ठेवून गेलीय. मला भेटलीही नाही. का भेटेल?

दुपारच्या तासाला मी फळ्यासमोर उभीच राहिले. पोरं म्हणाली, बाई, तब्येत बरी नाही काय? मी म्हटलं, नाही बरी. वर्ग सोडून दिला. स्टाफरूममध्ये बसून रडले. चांगलं म्हणवून घ्यायची माझी हौस, आणि भोगलं तिनं.

५ मे

कुडाळच्या बाजारात बाळा भेटले. मीच पुढं होऊन म्हटलं, माझं चुकलं, मी तेव्हा बोलायला हवं होतं. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"तुमका त्या दिवशी जेवक मीच बोलावन घेतललंय. भावाम्होरं माझो शब्द चलणा नाय. तुमी सांगशात, मगे भाई आयकतलो, म्हणान. औषध आधीच हाडून माळ्यार ठेवललंय."

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"अजून तसाच आसा. तुमच्या शाळेक होया काय?"