अंगावर काटा आणणारी फाइल

३ नोव्हें.
कोलशेतच्या खाडीकाठी टाकलेल्या भरावाविरुद्धची हरकत लिहून झाली. पाठ मोडली. खाडी वाचवायला काढलेल्या आमच्या समितीच्या ई-मेल गटावर टाकली तर परत आली. नकाशे, फोटो... फार जड. सुनावणी १७ला. त्याआधी सगळ्यांनी वाचून चुका काढायला हव्यात. एकदा दाखल झाली की बदल नाही.

५ नोव्हें.
तुकडे करून पाठवली. घोडबंदरहून समितीतल्या प्रभाकरचा फोन : "ताई, दुसरा भाग आलाय, पहिला कुठाय? आणि माझा मेलबॉक्स भरला हो!" शेवटी धाकटी बहीण शैला म्हणाली, "फाइल नको पाठवूस. ड्राइव्हवर ठेव, गटावर नुसती लिंक टाक." टाकली. आधी का नाही सांगितलंस म्हटलं, तर, "तू कुणाला बोलू देतेस कुठे?"

७ नोव्हें.
धडाधड उत्तरं. "एकेक शब्द निखारा!" "शेवट वाचून अंगावर काटा आला." बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. दुरुस्ती मात्र एकही नाही.

१० नोव्हें.
शैलाने तिच्या फोनवर लिंक उघडली. परवानगी नाही! पहिल्या दिवसापासून फाइलला कुलूप. वाचायची तर मला विनंती पाठवावी लागते. मेल चाळले. विनंती एकाचीच, डोंबिवलीच्या मधुकररावांची. तीही तीनदा.
शैला हसत सुटली. "मग काटा कशाने आला गं त्यांना?"
इतकी वर्षं ह्याच लोकांसमोर घसा फोडला. तेव्हा तरी ऐकत होते का?
आणि वाचायला कोण तडफडतंय, तर मधुकरराव. नौपाड्यातल्या भर सभेत म्हणाले होते, "बाई, तुम्ही सभा जिंकता आणि सुनावणी हरता." तेव्हापासून समितीत येत नाहीत, आमचं बोलणंही नाही. गटावर नाव तेवढं राहिलंय.

११ नोव्हें.
गटाला झोडपणारा मेल लिहिला. पुसला. जोर नाही अंगात. कुलूप काढलं आणि एवढंच कळवलं : फाइल आजवर उघडत नव्हती, आता उघडेल.
प्रभाकरचं लगेच उत्तर : "पुन्हा वाचली, ताई! पुन्हा तोच काटा!"

१२ नोव्हें.
मधुकररावांचा मेल, फक्त मला. "भरतीरेषेचा नकाशा जुना आहे. एवढ्यावरच भराववाले तुम्हाला सुनावणीत आडवं करतील. नवा माझ्याकडे आहे. शेवटची दोन पानं काढा, ते भाषण आहे."
नकाशाचं खरं आहे. तपासलं. पण ती दोन पानं... बाकी सगळे नुसते कागद, तेवढ्या दोन पानांत मी आहे.

१३ नोव्हें.
त्यांच्या नावापुढे पर्याय : फक्त वाचणे, शेरा देणे, बदल करणे. दुसऱ्यावर बोट ठेवलं. मग तिसऱ्यावर.
दुपारी फाइल उघडली तर मधुकरराव आत. नवा नकाशा लागलेला. त्यांच्या नावाची हिरवी रेघ पानापानाने खाली सरकत होती. शेवटच्या दोन पानांपाशी येऊन थांबली. लुकलुकतेय.
परवानगी अजून काढून घेता येते. शैला विचारतेय, चहा टाकू का. माझी नजर रेघेवर.