टेम्पोचा मालक

दादास,

तू जिथं असशील तिथं खुशाल असावास. मी रजा काढून घरी आलोय. तुझा टेम्पो अजून पोलीस ठाण्याच्या आवारातच आहे. चाकं मातीत रुतलीत, हौद्यात गवत उगवलंय. बाबा बनवलेली कपाटं हातगाडीवर ढकलत गिऱ्हाइकाकडे पोचवतात आणि विचारलं की म्हणतात, तब्येतीला बरं असतं.

कोर्ट म्हणतं, गाडी ज्याच्या नावावर त्यालाच मिळेल, नाहीतर लिलाव. म्हणून मी बाबांना वकिलाकडे नेलं. वकील म्हणाला, "मुलगा पळून सात वर्षं झाली ना? मग त्याला मयत ठरवून घेऊ. वारस म्हणून गाडी तुम्हाला."

मी बाबांपुढे पेन धरलं. खोटं कशाला बोलू, मला गाडी हवी होती.

बाबा उठले. "वकीलसाहेब, टेम्पो सोडवायला पोराला मारू काय?" म्हणाले आणि चपला घालून चालू लागले. घरी आईला कळलं, तर ती एवढंच म्हणाली, "बरं केलंत."

आता लिलाव होईल. होऊ दे. पण तू ज्याला धडक देऊन पळालास, तो सायकलवाला मेला नाही रे. पाय मोडला होता, तो सांधला. परवा कोर्टाच्या दारात भेटला, तर त्यानंच मला विचारलं, "भाऊ आला का तुझा?"

तुला हे कोण सांगणार? पाकीट आणून ठेवलंय. त्यावर पत्ता काय घालू?

तुझा धाकटा