लिंबोणीला ताण

२८ नोव्हेंबर. सकाळी.
लिंबोणीचं पाणी तोडलं. आमच्या मालकानं, शिवराजच्या अप्पानं लावलेली. औंदा उन्हाळ्यात ते गेले, तवापासून एक लिंबू न्हाई. आळंदच्या नर्सरीतले शिवशंकरप्पा म्हणले, अक्का, पाजून पाजून लाडावून ठेवलीस. तीन आठवडे ताण दे. मुळं पाण्यामागं खाली जातील. मग पाणी सोड, फुलं येतील.
शिवराजलाबी ताण द्यायचं ठरवलं. पोरगा कलबुर्गीला. दर ऐतवारी फोन मीच करायची. आता बंद. गरज पडली की मूळ हलतंय. येळवस अमावस्येला, शेतातल्या जेवणाला येतोय बघ.

५ डिसेंबर.
पानं वाकली. म्हणजे मूळ कामाला लागलं.
फोन न्हाई. तिकडंबी लागलं असंल.

११ डिसेंबर. दुपारी.
पानं गळायलीत. आपल्याच बाजूची. शेजारच्या लिंगम्माकडच्या फांद्या हिरव्यागार. लिंगम्मा भितीवरून म्हणली, झाड मारायलीस कामून? मी म्हणलं, तू आधी तुझी मोरी बघ, वास यायलाय. म्हणली, तुंबायली, काय अडकलंय कळंना.

१९ डिसेंबर.
तीन आठवडे झाले. पाणी सोडलं न्हाई. तिनात एवढं, तर पाचात केवढं. शिवशंकरप्पाला तेवढी अक्कल न्हाई.
मोबाइल दोनदा बघितला. चार्जिंग हाय. रेंज हाय.

२८ डिसेंबर.
आंबिलीसाठी ताक आणलं. वाडगं एक जास्तीचं घासलं. धूळ बसली होती म्हणून.

३० डिसेंबर. येळवस.
लिंगम्माच्या माणसांसंगं शेतात. आंबील, भज्जी, उंडे. जेवले.
सांजच्याला शिवराजचा फोन. अफजलपूरला सासुरवाडीत हाय. सासऱ्यानं गाडी धाडली. म्हणला, माय, तुझा फोनच न्हाई. मला वाटलं, अप्पा गेले त्या साली तू सण करीत न्हाईस.
मी म्हणलं, बरं.
जास्तीच्या वाडग्यातली आंबील लिंगम्माच्या म्हशीला घातली.

१ जानेवारी.
लिंगम्मानं मोरी उकरली. आत मुळांची वेणी, हातभर लांब. आमच्या लिंबोणीची. खाली गेलीच न्हाई. भितीखालून आडवी तिकडं. लिंगम्मा म्हणली, अक्का, ताण तुझा आणि पाणी माझं व्हय? तोडू काय?
म्हणलं, राहू दे. मोरीला नवा पाइप मी घालून देते.
दोन बादल्या पाणी ओतलं. आपल्या बाजूला.
आज ऐतवार न्हाई. तरी शिवराजला लावला. उचलला. अजून अफजलपुरातच. इचारलं, तिकडं लिंबं हायत काय.
म्हणला, लई हायत. बसनं पाठवू?