चिठ्ठी पोचवायला निघालोय

लाडक्या लुत्काताई,

आधीच सांगतो, मी एका म्हातारीला फसवलंय.

काल एका खेड्यात लाकडी चर्चसमोर सायकल पंक्चर झाली. चाक काढून बसलो, तर कुंपणाआडून एक आजी म्हणाली, "चेंस्तोहोव्याला निघालास ना, मारियामाईच्या दर्शनाला?" मी निघालो होतो नुसते किल्ले बघायला. पण तिच्या घरातून पिएरोगी उकडल्याचा वास आला, आणि मी "हो" म्हणालो.

गेनोवेफा आजीनं जांभळ्या बेरी भरलेले पिएरोगी साय घालून वाढले. "खा रे. असा काडीसारखा गेलास तर माईला वाटेल, हा सायकलचाच दांडा आहे."

निघताना तिनं चिठ्ठी दिली, माईच्या पायाशी ठेवायला. यात्रेकरूकडे देतातच तशी. पुढच्या वळणावर मी ती उघडली. तुला माहितीय मी कसा आहे ते.

आत होतं, "शुक्रवारी आमच्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, त्याला दिसू दे." आणि त्याखाली, "हा पोरगा बरा आहे, पण ब्रेक फार कुरकुरतात. त्याला सांभाळ."

उद्याच शुक्रवार. म्हणून किल्ले सोडून आज साठ किलोमीटर चेंस्तोहोव्याला चाललोय. ब्रेक नवे टाकलेत, आईला तेवढं सांग. बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांच्या नावाचीही चिठ्ठी लिहिलीय. अक्षर घाण आहे, माई लावून वाचेल.

फक्त मी आपणहून चर्चमध्ये चाललोय हे कुणाला सांगू नकोस. पाद्रीबाबांच्या टोपीत बेडूक ठेवणारा म्हणून गावात माझं नाव आहे. पाया पडतो, ते घालवू नकोस.

तुझाच,
गुचो