नंदूची कपबशी

मंगळवार, जानेवारी १९९६, लालबाग

चार दिवस वही उघडली नाही. नंदूचं कौतुक माझ्याच हाताने लिहायचं जिवावर आलं होतं.

पण जळतंय ते जळतंयच. मी लालबाग-काळाचौकीच्या खोल्याखोल्यांतून एड्सची माहिती सांगत, निरोध वाटत फिरतो. नंदू आमच्या संस्थेच्या दादरच्या ऑफिसात बसून कॉम्प्युटरवर गणित मांडतो, की निरोध कुठे वाटले तर जास्त माणसं वाचतील. आज उत्तर आलं: अँटॉप हिलकडचे ट्रकवाले. ते गावोगाव जातात ना. संस्थेच्या प्रमुख सुलभाताईंनी त्याला कपबशीतून चहा दिला. मला नेहमीचा स्टीलचा पेला.

"शाब्बास रे नंदू! लालबाग कमी करू," म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तू उद्यापासून ट्रकवाल्यांकडे."

गणित चुकलं असेल का? नाही, बरोबरच आहे, तेच तर खुपतंय. पण गिरणीतली नोकरी सुटल्यापासून घरी बसलेले लालबागचे ते एक काका आत्ता कुठे माझ्याशी मोकळं बोलायला लागलेत. त्यांना काय सांगू, हिशेबात तुम्ही कमी भरलात? आणि मेली ती कपबशी!

थांब, दारात कोण? नंदू! कधी फिरकत नाही इकडे.

"उद्या मी पण येतो रे तुझ्याबरोबर."

तिथेपण हाच? आणि आईने फळीवरची पाहुण्यांची कपबशी काढलीसुद्धा.