न तपासलेले गठ्ठे

रविवार, ३ मार्च १९७४. विटा

कडेगावजवळ सुमन यादवच्या मळ्यावर जाऊन आलो. बी.ए.च्या शेवटच्या वर्गात अशी मुलगी बऱ्याच वर्षांत पाहिली नाही. प्रश्न विचारते, आणि उत्तर पटलं नाही तर तोंडावर सांगते. परवा स्टाफरूमच्या दाराशी येऊन म्हणाली, "सर, घरी माझ्या लग्नाचं चाललंय. मला एम.ए. करायचंय. तुम्ही वडलांशी बोला, तुमचं लोक ऐकतात."

वडील निवृत्त सुभेदार. ऊस तुटून गेलेला, पाचट पेटवलेलं, धूर ओट्यापर्यंत. मी बोलायला सुरुवात केली ती थांबलोच नाही. सुभेदारांनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, तुमी लय चांगलं बोलता. पर येकच सांगा, निकाल कवा?"

"जूनच्या मध्यावर. माझा शब्द."

"मग ऐका. स्थळ आलंय. पोरगा फौजेत हवालदार, जूनात रजेवर येतोय. त्याच्या आधी निकाल लागला अन् पोरगी फस्क्लास असली, तर कोल्हापूरला घालतो. न्हाई लागला, तर मग तुमी मधी पडायचं न्हाई. कबूल?"

कबूल. हातात हात दिला. दाराआड बांगड्या वाजल्या.

फस्क्लासची मला काळजी नाही. येताना एस.टी.त उभा राहून आलो, पण फार बरं वाटत होतं. वर्गाबाहेर काही केलं, असं क्वचित वाटतं.

रविवार, २१ एप्रिल. सांगली

प्राध्यापकांची सभा. हॉल गच्च, मागे व्हरांड्यातही माणसं. ठराव: मागण्या मान्य होईपर्यंत विद्यापीठाचे पेपर तपासायचे नाहीत. ठराव मी मांडला.

काय बोललो ते थोडं लिहून ठेवतो. दर मे महिन्यात तरुण व्याख्यात्याला घरी घालवायचं आणि जूनला पुन्हा नवी ऑर्डर द्यायची, हा माणूस आहे की हंगामी ऊसतोड्या? ज्याला पुस्तक विकत घेणं परवडत नाही, तो दहा वर्षांपूर्वीच्या टिपणांवर शिकवतो, आणि आपण त्याला विद्वान म्हणतो! शिकवणाऱ्याचं शिकणं थांबलं की कॉलेज म्हणजे नुसती इमारत. हे थांबवायचं असेल तर...

पुढचं टाळ्यांत बुडालं. हात वर झाले. शेजारी बसलेल्या भोसलेचा नाही. आमच्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, माझा सगळ्यात जुना मित्र. परतीच्या गाडीत विचारलं, का रे?

"तू बोलायला लागलास की माणसं विचार करायची थांबतात, गड्या. म्हणून मी खिडकीबाहेर बघत होतो."

"मागण्या चूक आहेत?"

"एकही नाही. पण पेपर पडून राहिले तर मंत्र्याचं काय अडतंय? अडणार ते आपल्याच पोरांचं."

सुभेदार आठवले ते विट्याच्या स्टँडवर उतरल्यावर. पंधरा दिवसांत सरकार वाकेल. जून लांब आहे.

१५ मे. विटा

गठ्ठे आले. कापडात शिवलेले, लाखेचे शिक्के. शिपायाला म्हटलं, परत ने. तो म्हणाला, "सर, माजं काम पोचवायचं. तुमचं काय असंल ते तुमी बगा." कॉटखाली सरकवले. आमच्या कॉलेजची मुलं यात नसतात, दुसरीकडची असतात. सुमनचे पेपर असेच कुणाच्या तरी कॉटखाली असणार.

गलाईवाले गावी आलेत. वर्षभर मद्रास, कानपूरला सोनं गाळायचं आणि मेमध्ये येऊन लग्नं उरकायची. गल्लीगल्लीत मांडव. आमची ही झाडताना गठ्ठ्यांना केरसुणी लावत नाही, हातानं पुढे ओढते, खालचं झाडते, मागे सारते. आज म्हणाली, "यात कुणाकुणाच्या पोरी असतील हो."

वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. माझ्यासारख्या बोलक्या माणसानं.

५ जून

सुमन आली होती. ओसरीवर बसली, पाणी प्यायली.

"सर, निकाल कधी लागेल?"

मी तिला लढा समजावून सांगितला. सगळा. ती मान हलवत राहिली. एकदाही म्हणाली नाही की सर, माझं काय. तिनं भांडायला हवं होतं, वर्गात भांडायची तशी. उठताना एवढंच, "ते हवालदार वीस तारखेला येतायत."

१६ जून. सांगली

समितीची बैठक. भोसले मुद्दाम आला होता. त्यानं सुचवलं, शेवटच्या वर्षाचे पेपर तेवढे तपासून देऊ, बाकीच्यांवर बहिष्कार राहू दे. मुलांच्या नोकऱ्या, प्रवेश अडलेत.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. होय म्हणायची फार इच्छा झाली. आणि म्हणूनच नाही म्हटलं. एका मुलीसाठी माझा जीव अडकलाय, म्हणून शेकडो जणांची लढाई मी ढिली करायची? ज्यात आपला स्वार्थ आहे त्या बाजूनं बोलायचं नाही, हे आयुष्यभर पाळलं. उठलो आणि विरोधात बोललो. सूचना पडली.

बाहेर आल्यावर भोसलेला सुमनचं सांगितलं. तो रस्त्यातच थांबला.

"हे आत का नाही बोललास?"

"खासगी होतं."

"एक मुलगी अडली हे खासगी, आणि शेकडो अडल्या की सार्वजनिक? वा रे."

शनिवार, २२ जून. विटा

आषाढ लागला. सकाळी पंचांग पाहिलं, दोनदा पाहिलं. लग्नतिथी संपल्या. म्हणजे आता तुळशीच्या लग्नापर्यंत सुभेदार काही करू शकत नाहीत. तोवर निकाल लागेल, प्रवेश होईल. कडेगावला जाऊन मुदत मागणार होतो, आता गरज नाही.

आज पोटभर जेवलो. हिलाही सांगितलं. ही नुसती बघत राहिली.

२४ जून

पत्रिका आली. सुमनचा भाऊ घेऊन आला, अक्षता देऊन गेला. लग्न गुरुवारी.

"अरे, आषाढात?"

"काढीव मुहूर्त हाय सर. दाजींची रजा संपाय लागलीय. फौजंतल्यांची लग्नं रजेवर धरत्यात, तिथीवर कुठं?"

इतकी वर्षं या भागात राहतो. घराआड एक माणूस फौजेत. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे बाप फौजेत. सुभेदार पहिल्याच दिवशी रजा म्हणाले होते, तिथीचा शब्दही काढला नव्हता. मी पंचांग बघत बसलो.

ही म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल."

गुरुवार, २७ जून

गेलो. न जाऊन तोंड लपवायचं नव्हतं. मांडवात माइक. आमच्याकडे अक्षता पडायच्या आधी पाहुण्यांनी बोलायचंच असतं: सरपंच, कारखान्याचे संचालक, मग मास्तर. सुभेदारांनी स्वतः माझं नाव पुकारलं. "सुमनचे सर आल्यात. त्ये दोन शब्द बोलतील."

माइक धरला. वाटलं, आज काही सुचणार नाही, आणि तेच बरं.

सुचलं. बोललो. चांगलं बोललो. बायकांनी डोळे पुसले. नवऱ्या मुलानं वाकून नमस्कार केला. सरळ, लाजरा मुलगा आहे. त्याच्यावर राग धरायलाही जागा नाही. सुमन मुंडावळ्यांमागून बघत होती. कशी, ते लिहवत नाही.

पंक्तीत सुभेदार शेजारी येऊन बसले. हळू आवाजात, रागावून नव्हे. "सर, तुमाला संप करायचा हुता तर मला शब्द द्यायचा न्हवता. मी तारीख पाळली. शेवटच्या दिवसापातुर पाव्हण्यांना थांबवून धरलंतं."

"सुभेदार, आमचं भांडण सरकारशी होतं."

"व्हय. पर शब्द मला दिलावता."

मंगळवार, २ जुलै

बहिष्कार मागे. पदरात एक आश्वासन. तारांवर तारा. तरुण पोरं अभिनंदन करायला आली, गुलाल घेऊन. दार उघडलं नाही, हिला सांगायला लावलं की ताप आहे.

विद्यापीठाचं परिपत्रक आलंय: निकालाला उशीर झाल्यानं एम.ए.च्या प्रवेशाची मुदत वाढवली आहे.

९ जुलै

गठ्ठे उसवले. तपासतोय. प्रत्येक उत्तर दोनदा वाचतो. अक्षर बायकी दिसलं की हात थांबतो. ही कुठल्या गावची, हिचं काय ठरलं असेल...

भोसले येऊन बसतो, त्याचे पेपर घेऊन. मध्येच म्हणाला, "मागण्या बरोबरच होत्या रे." मला बरं वाटावं म्हणून म्हणाला. वाटलं नाही.

मंगळवार, २३ जुलै. नागपंचमी

सुमन पंचमीला माहेरी आलीय, असं कळलं. जाऊ की नको करत गेलो. चिंचेला झोका बांधलेला, मुली फेर धरत होत्या. सुमन उंबऱ्यात बसून कुणाच्या तरी हातावर मेंदी काढत होती. उठली, चहा आणला. नवरा ड्यूटीवर परत गेलाय, पत्र येतं म्हणाली. सासू चांगली आहे.

मी म्हटलं, सुमन, बाहेरून एम.ए. करता येतं. मी पुस्तकं देईन, दर रविवारी येऊन शिकवीन. तुझ्या सासरी मी बोलतो.

"नको सर. तुम्ही नका बोलू." लगेच म्हणाली. मग हसली, मला वाईट वाटू नये म्हणून. "ते सुट्टीवर आले की मीच विचारीन."

खाली बघत: "सांगलीचं तुमचं भाषण ऐकलं मी. आत्याकडं गेले होते तेव्हा. मागं व्हरांड्यात उभी होते."

मी कपबशी खाली ठेवली.

"टाळ्या वाजवल्या मीपण. सगळं खरंच होतं ना ते."

निघताना फाटकापर्यंत आली. "निकाल लागला की कळवा सर. आता नुसती पास झाले तरी चालंल."

रविवार, २८ जुलै. विटा

शेवटचा गठ्ठा शिवून शिक्के मारून दिला. कॉटखाली आता मोकळं आहे. ही खाली वाकून झाडते, केरसुणी थेट भिंतीपर्यंत जाते.

सांगलीहून कार्ड आलंय. आश्वासन पाळलं जात नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा सभा, ठराव मीच मांडावा. मागण्या त्याच आहेत. आजही त्यातल्या एकाही शब्दावर काट मारणार नाही.

कार्ड टेबलावर आहे. उत्तर लिहायला दोनदा बसलो. सुमनचा निकाल अजून लागलेला नाही.