आकस्मिक खर्च : दाजी

रावेत,
पाडव्यानंतरचा सोमवार

ती. दाजींना धाकट्या मेहुण्याचा दंडवत.

बार्शीत ऊन तापलं असेल. तुमचा गुडघा जिना चढू देतो का, अक्काची साखर ताळ्यावर आहे का आणि नवी म्हैस दूध देते की नुसतीच बघते, हे सविस्तर कळवावे. (कळवणार नाही, अजून रागात आहात. तरी रीत म्हणून विचारलं.) माझं उत्तम चाललं आहे.

बावन्नाव्या वर्षी कंपनी सोडली तेव्हा तुम्हीच म्हणाला होता की घरी बसून काय अंडी उबवणार. पण बायकोच, दीपमालाच, देवाघरी गेल्यावर ओव्हरटाइम करायचा तरी कुणासाठी? पोरगा समर्थ चेन्नईत स्वतःचं कमावतो. मी जन्मभर चाकणला कारखान्याचं स्टोअर सांभाळलं, म्हणून घरखर्चही नटबोल्टसारखा वेगवेगळ्या खणांत मांडला : किराणा, वीज, सोसायटी, औषधं. एकट्या माणसाला आरामात पुरून उरेल असा चोख हिशेब. पुरतो आहे. उरतोच आहे. पावशेर दोडका मागितला की भाजीवाली तोंडाकडे बघते, तेवढं सोडलं तर तक्रार नाही.

अडचण आहे ती दिवसाची. सकाळचे नऊ वाजले की सोसायटीत वॉचमन, मांजर आणि मी एवढेच उरतो. माझ्या वयाची सगळी माणसं कामावर. कंपनीतल्या मारुतरावाला फोन केला की तो मशीनच्या गोंगाटात ओरडतो, लाइन बंद पडलीय भावा, नंतर बोलू. नंतर बोलत नाही. पहाटे फिरायला निघालो की पाय आपोआप कंपनीच्या बसथांब्याकडे वळतात. गेल्या महिन्यात बस थांबली, दार उघडलं आणि मी चढलोसुद्धा. (सवय, दुसरं काय.) चाकणपर्यंत झकास गप्पा झाल्या. गेटवर सगळे आत गेले आणि नव्या वॉचमनने मला अडवलं.

"काका, भेटायचंय कुणाला?"

मला एकही नाव सुचेना, कारण सगळ्यांना बसमध्येच भेटून झालं होतं. मग टपरीवर चहा घेतला आणि निगडीमार्गे परत आलो. तो खर्च 'प्रवास' या खात्यात टाकला.

आता तुमच्या रागाविषयी. तो खर्चाचा तक्ता समर्थला पाठवायचा होता, गेला आपल्या 'सोयरे-धायरे' ग्रुपवर. (चष्मा लावला नव्हता.) त्यात 'आकस्मिक खर्च' या खात्याखाली तीन बाबी होत्या : पाण्याची मोटार जळणे, दाढ दुखणे, दाजी येणे. सर्वांत मोठी रक्कम तुमच्याच नावापुढे होती, हा मान कुणी लक्षातच घेतला नाही. मी मेसेज पुसला, पण बैल गेला नि झोपा केला. "मी काय जळकी मोटार हाय व्हय?" एवढं लिहून तुम्ही ग्रुप सोडलात, आणि तेव्हापासून बाकीच्या सोयऱ्यांनीही इकडे पाऊल टाकलेलं नाही. प्रत्येकाला वाटतं, आपलीही रक्कम मांडलेली असणार. (कुसुमताईंची मांडली होती. थोडी.)

त्याचं मला काही नाही. पाहुणे नसले की घर जागच्या जागी राहतं, रिमोट सापडतो, घोरणं ऐकावं लागत नाही. फार शांत आहे. इतकं, की फ्रिजची घरघर थांबली तरी मला जाग येते.

अक्काला नमस्कार.

तुमचा,
ज्योतीराम

ता. क. : मोटार जळाली, दाढही काढली. आकस्मिक खात्यात आता फक्त तुमचीच रक्कम पडून आहे. चांगला मटणवाला शोधून ठेवला आहे, पण तो एका माणसापुरतं मटण तोलताना कुरकुरतो.

दुसरा ता. क. : आतल्या खोलीतली कॉट तुमच्या गुडघ्याला बुटकी पडत होती. तिला विटा लावून उंच केली आहे. कुणी निजून बघितल्याशिवाय ती डुगडुगते की नाही ते कळणार नाही.

शेवटचा ता. क. : नवा तक्ता केला. 'दाजी' ही बाब आकस्मिकमधून काढून दरमहाच्या खर्चात घेतली आहे, दूध आणि विजेच्या मधोमध. दरमहा म्हणजे दर महिन्याला, दाजी. मला एकट्याला करमत नाही.